दोन्ही पिवळेच, मग फरक कुठे पडतो?

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी हॉलचं रंगकाम काढलं तेव्हा पिवळा द्यायचा हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं, पांढरा नको, क्रीम नको, छान उबदार पिवळा हवा, यावर घरात कुणाचंच दुमत नव्हतं. मग शेडकार्ड आलं, त्यातून बाद करत करत दोन शेड उरल्या आणि त्या दोघींमध्ये आम्ही तीन आठवडे अडकलो. कार्डावरची इंग्रजी नावं कुणाच्या लक्षात राहीनात म्हणून मुलीने त्यांचं बारसं केलं, एक 'वरण' आणि दुसरी 'मसाला दूध', आणि खरंच अगदी तशाच होत्या दोन्ही. वरण म्हणजे हळद-हिंगाचं साधं घट्ट वरण, पिवळं पण जरासं मातकट, शांत. मसाला दूध म्हणजे कोजागिरीचं, केशर उतरलेलं, पिवळ्यातच किंचित लालीकडे झुकलेलं. दुकानात ट्यूबलाईटखाली दोन चिठ्ठ्या शेजारी धरल्या की फरक शोधावा लागत होता, पेंटरदादा म्हणाले, "ताई, दोन्ही सेमच आहेत, भिंतीवर गेल्यावर कुणाला कळणार पण नाही."

मला तेव्हापासून या विषयाचा नादच लागला, कारण भिंतीवर गेल्यावरच तर कळतं. हातातल्या चिठ्ठीवर जेमतेम दिसणारा फरक चार भिंतींच्या खोलीत वाढतो, उजेड बदलला की आणखी वेगळा दिसतो, आणि पिवळ्यात हे सगळं फार जोरात होतं. का होतं ते मला जसं समजलं तसं सांगते, म्हणजे तुमच्याकडे अशा दोन चिठ्ठ्या उरल्या असतील तर नक्की काय बघायचं ते कळेल.

सुरुवात अशी करू की भिंत पिवळी दिसते म्हणजे काय होतं. खिडकीतून जो पांढरा उजेड येतो त्यात लाल, हिरवा, निळा असं सगळं मिसळलेलं असतं, आणि पिवळा रंग त्यातला निळा भाग गिळतो, लाल आणि हिरवा मात्र बराचसा परत पाठवतो. लाल आणि हिरवा उजेड एकत्र डोळ्यात शिरला की आपल्याला पिवळं दिसतं. म्हणजे पिवळी भिंत म्हणजे निळा खाणारी भिंत, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुढचं निम्मं काम झालं. आमच्या आजोळी कोकणात भिंतींना चुना काढायचे तेव्हा त्यात नीळ घालायचे, नुसता चुना पिवळट दिसतो म्हणून, आणि पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात ती पण त्याच कारणाने. तिथे नीळ जास्तीचा लाल-हिरवा उजेड गिळून पिवळेपणा मारते, इथे आपण निळं काढून घेऊन पिवळेपणा आणतो, गोष्ट एकच, फक्त उलटी.

आता दोन पिवळ्यांमध्ये फरक असू शकतो तो तीनच बाबतींत. किती निळं गिळलं जातंय, म्हणजे रंग किती गडद पिवळा वाटतोय की दुधाळ वाटतोय. मग उरलेल्या उजेडात लाल जास्त आहे की हिरवा, म्हणजे तो केशराकडे झुकतोय की लिंबाकडे. आणि एकूण उजेड किती परत येतोय, म्हणजे भिंत किती उजळ. रंगाची अशी तीन मापं वेगळी काढायची पद्धत अल्बर्ट मनसेल या अमेरिकन चित्रकार-शिक्षकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली आणि आजही रंगाच्या धंद्यात ती वापरतात. त्याच्या पद्धतीत पिवळ्या गटाचा मध्य ५ वाय (वाय म्हणजे यलो), तिथून आकडा कमी होत २.५ वाय आणि पुढे १० वायआर (म्हणजे यलो-रेड) असा गेला की रंग लालीकडे सरकतो, आणि उलट वाढत १० वाय कडे गेला की हिरव्याकडे. आपण ज्यांना उबदार पिवळे म्हणतो ते साधारण या लालीकडच्या बाजूला बसतात. सगळी भानगड तिथेच आहे, कारण एवढ्याशा पट्ट्यात शेडकार्डावर डझनावारी रंग कोंबलेले असतात.

उजळपणाचं माप मात्र बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाईटवर सरळ मिळतं, त्याला एलआरव्ही म्हणतात, ० म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा आणि १०० म्हणजे सगळा परत पाठवणारा पांढरा, फिकट उबदार पिवळे साधारण ६० ते ८० च्या मध्ये सापडतात. दोन शेडमध्ये एलआरव्हीचा फरक पाच-सहा असेल तर अंधाऱ्या खोलीत तो जाणवतो. पण दोघींचा एलआरव्ही सारखा आला म्हणजे रंग सारखे असं समजू नका, एक केशराकडे आणि एक मातीकडे झुकलेला असूनही दोघांचा आकडा तंतोतंत जुळू शकतो, तो फक्त उजेडाचा हिशोब आहे.

झुकाव ओळखायची सोपी युक्ती म्हणजे शेडकार्डाच्या त्याच पट्टीवरचा सगळ्यात खालचा गडद रंग बघायचा. वरचे फिकट रंग सगळे सोज्वळ दिसतात, खाली गेलं की खरं रूप बाहेर येतं. वरणाच्या पट्टीत सगळ्यात खाली मोहरीच्या कालवणासारखा तपकिरी-पिवळा होता आणि मसाला दुधाच्या पट्टीत झेंडूचा नारिंगी. प्रत्येक कार्डावर पट्टी अशी एकाच घराण्याची असेलच असं नाही, पण बहुतेक वेळा असते. दुसरं म्हणजे चिठ्ठी अगदी पांढऱ्याशुभ्र कागदावर ठेवून बघायची, शेजारी खरा पांढरा आला की क्रीम वाटणारा रंग लगेच पीच किंवा हिरवट असल्याचं सांगून टाकतो.

आता मला ज्याचं सगळ्यात नवल वाटलं तो भाग. खोलीत उजेड भिंतीवर एकदा आपटून सरळ आपल्या डोळ्यात येतो असं आपण धरून चालतो, पण तसं होत नाही. तो या भिंतीवरून त्या भिंतीवर, तिथून छतावर, छतावरून परत भिंतीवर असा उड्या मारत फिरतो, आणि प्रत्येक उडीत भिंत आपला हिस्सा काढून घेते. समजा वरण रंग शंभरातला ५० निळा उजेड परत पाठवतो आणि मसाला दूध ४२. (हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत.) एका उडीनंतर ५० आणि ४२, फार काही वाटत नाही. दुसऱ्या उडीनंतर २५ आणि साधारण १८. तिसऱ्या उडीनंतर साडेबारा आणि सात. म्हणजे सुरुवातीला जो फरक सहाव्या हिश्श्याचा होता तो तिसऱ्या उडीला वाढून चाळीस टक्क्यांवर गेला, अगदी चक्रवाढ व्याजासारखं! लाल उजेड मात्र दोघी शंभरातला ८५ च्या आसपास परत पाठवत असतील तर तो तीन उड्यांनंतरही साठच्या वर शिल्लक राहतो, त्यामुळे उजेड उड्या मारत जातो तसतसा जास्त जास्त पिवळा होत जातो. खिडकीच्या थेट उजेडात हे कमी दिसतं कारण तिथे पहिल्या उडीचाच उजेड जास्त असतो, पण कोपऱ्यात, सोफ्याच्या मागे, खिडकीपासून लांबच्या भिंतीवर तो मुरलेला उजेड जास्त असतो, म्हणूनच पिवळ्या खोलीचे कोपरे नेहमी भिंतीपेक्षा एक शेड गडद दिसतात, कुणी मुद्दाम बघितलं नसेल तर आज बघा.

आणि पिवळ्यात हे जास्त का, तर पिवळा मुळात उजळ रंग आहे. गडद निळी किंवा गडद चॉकलेटी भिंत बहुतेक उजेड पहिल्याच फटक्यात गिळून टाकते, पुढे उडी मारायला फारसं काही उरतच नाही. पिवळी भिंत उजेडाला परत पाठवत राहते, उड्या जास्त होतात आणि रंग चढत जातो. चिठ्ठीवर लोण्यासारखा दिसलेला रंग भिंतीवर आमरसासारखा झाला असं लोक म्हणतात ना, त्यात दुकानदाराने चुकीचा डबा दिलेला नसतो बरेचदा, चारही भिंती एकमेकींना रंगवत असतात. म्हणून जाणते लोक पिवळा निवडताना मनातल्यापेक्षा एक घर फिकट किंवा एक घर मळकट घ्या म्हणतात, मला आधी तो उगाच घाबरटपणा वाटायचा, आता पूर्ण पटलंय.

याची परीक्षा घरी करता येते आणि ती मी सगळ्यांना आवर्जून सांगते. अगदी झटपट करायची असेल तर एकाच शेडचे दोन कागद रंगवून वही अर्धवट उघडतात तसे समोरासमोर धरा आणि मधल्या खाचेत बघा, तिथे दिसतो तो रंग खोलीत दिसणाऱ्या रंगाच्या जास्त जवळचा. पण खरी मजा खोक्यात आहे. चपलांचे दोन सारखे खोके घ्या, आतून चारही बाजूंना एकात एक शेड आणि दुसऱ्यात दुसरी, दोन हात मारून, छताचा भाग पांढरा ठेवायचा आणि तळाशी आपल्या फरशीच्या रंगाचा कागद. एका बाजूला खिडकीएवढी, म्हणजे त्या मापात खिडकी जेवढी येईल तेवढी चौकोनी भोकं पाडायची, आणि डोळा लावायला समोरच्या बाजूला एक छोटं भोक. उजेडाच्या उड्यांना खोली लहान की मोठी याने फरक पडत नाही, प्रमाण तेच ठेवलं की रंग तसाच चढतो, त्यामुळे तो चपलांचा खोका म्हणजे आपला हॉलच असतो. आम्ही ते दोन खोके हॉलच्या खिडकीत ठेवले आणि डोळा लावला, आणि जे दोन रंग दुकानात जुळे वाटत होते त्यातला एक पिकलेल्या हापूससारखा नारिंगी झाला होता आणि दुसरा नुसताच जास्त पिवळा. मुलगी दोन मिनिटं खोक्यातून डोळा काढेना, मग म्हणाली, "आई, हे तर दोन वेगळे रंग आहेत."

उजेड मुळात कुठला येतोय हे पण बघायला हवं. आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला आणि बाहेर मोठं रेनट्रीचं झाड. दुपारभर जो उजेड आत येतो तो पानांवरून आणि पानांमधून गाळून येतो, त्यात हिरवा जास्त असतो, त्यामुळे बारा-एकला वरण जरासं कच्च्या लिंबाकडे सरकायचं आणि मसाला दूध अगदी देखणं दिसायचं. पाच वाजले, ऊन पानांच्या खालून तिरपं आलं की सगळं उलटं, त्या उन्हात लाल भरपूर, मग मसाला दूध भडक नारिंगी आणि वरण मस्त सोनेरी. म्हणजे प्रत्येकीची एक वाईट वेळ होती. समोरच्या बिल्डिंगची भिंत जर गुलाबी किंवा विटकरी असेल तर तीही असाच आपला रंग तुमच्या घरात पाठवत असते, आणि लाल कोबा किंवा हिरवट कोटा फरशी असेल तर भिंतीच्या खालच्या दोन फुटांत तिचा रंग चढतो.

दिशांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी कारण नेटवर वाचून लोक गोंधळतात. परदेशी लेखांमध्ये लिहिलेलं असतं की उत्तरेच्या खोलीत कधीच ऊन येत नाही, उजेड निळसर थंड असतो, म्हणून तिथे लालीकडचा पिवळा द्या. ते त्यांच्याकडे बरंचसं बरोबर आहे, माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते, साधारण ४० अंश उत्तरेला, तिच्या उत्तरेच्या बेडरूममध्ये तिने मसाला दुधाच्या जातीचाच रंग दिलाय आणि तो तिथे सुंदर दिसतो. पण पुणं साडेअठरा अंशांवर, मुंबई एकोणीसवर. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच सरकलेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ तर बराच उत्तरेकडून येतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही उन्हाळ्यात तिरीप येते. उलट दक्षिणेच्या खिडकीत डिसेंबरमध्ये ऊन लांबपर्यंत आत शिरतं. आणि आपला पावसाळा! चार महिने ढगातून येणारा पांढरट-निळसर मंद उजेड, त्यात कुठलाही पिवळा थोडा मलूल दिसतो आणि मातकट पिवळा जास्तच. म्हणून पिवळा निवडताना एखादा ढगाळ दिवस मिळाला तर सोडू नका, उन्हातल्या दिवसाइतकंच तो सांगून जातो.

दिवसाचं झालं, पण बहुतेक घरांमध्ये हॉल वापरला जातो तो रात्री, आणि तिथे गाडी अडते ती दिव्यांवर. दुकानात एलईडी साधारण तीन प्रकारात मिळतात, वॉर्म व्हाईट म्हणजे २७०० ते ३००० केल्विन (उजेड पिवळसर की निळसर याचं माप, आकडा जितका मोठा तितका निळसर), मधला ४०००, आणि कूल डे लाईट ६५००. आपल्याकडे वर्षानुवर्षं ट्यूबलाईटची सवय, त्यामुळे बहुतेक घरांत ६५०० च लावलेला असतो, पांढराशुभ्र, थोडा निळसर. आता बघा, पिवळी भिंत निळा गिळते, आणि या दिव्यात निळा भरपूर, लाल कमी. निळा गिळून झाल्यावर उरतं काय, तर हिरव्याचं प्रमाण जास्त. म्हणूनच ६५०० च्या दिव्याखाली पिवळ्या भिंती आजारी हिरवट दिसतात आणि लोक रंगाला दोष देतात. तीच भिंत ३००० च्या दिव्याखाली तुपासारखी दिसते. माझं स्पष्ट मत आहे, उबदार पिवळा देणार असाल तर दिवे बदलायची तयारी आधी ठेवा, नाहीतर पिवळ्याच्या नादी लागू नका. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो तोही बघा, दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचं ते माप, जुना पिवळा बल्ब १०० ला असायचा, साधे एलईडी ८० च्या आसपास असतात, ९० चा मिळाला तर घ्या.

दुकानात दोन चिठ्ठ्या सारख्या का दिसल्या त्याचंही अर्धं उत्तर इथेच आहे, पण अर्धं रंगाच्या डब्यात आहे. मशीनवर रंग बनवतात तेव्हा पांढऱ्या बेसमध्ये वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे थेंब पडतात, आणि जवळजवळ तोच पिवळा दोन रस्त्यांनी गाठता येतो. एक रस्ता आयर्न ऑक्साईडचा, म्हणजे आपली जुनी पिवडीच ती, मातीतला पिवळा, गावाकडे चुन्यात कालवून भिंतींना लावायचे तो. पणजीच्या फोंतेन्यश या जुन्या वस्तीतून चक्कर मारलीत तर तो मातकट पिवळा भरून पावेपर्यंत बघायला मिळतो. हा रंग झाकतो चांगला आणि उन्हात टिकतो. दुसरा रस्ता सेंद्रिय रसायनांच्या झळझळीत पिवळ्याचा, त्यात थोडा लाल टाकून उबदार करतात, तो जास्त स्वच्छ आणि तेजस्वी दिसतो पण झाकायला कमी पडतो, तिसरा हात लागू शकतो, आणि कडक उन्हात लवकर उतरतो. हे दोन रंग एका दिव्याखाली अगदी जुळले तरी दुसऱ्या दिव्याखाली वेगळे पडू शकतात कारण दोघं निळं-हिरवं-लाल वेगवेगळ्या हिशोबाने गिळतात. म्हणून 'दुसऱ्या कंपनीची सेम शेड स्वस्तात करून देतो' असं कुणी म्हटलं की नमुना घरच्या उन्हात आणि घरच्या दिव्यात, दोन्हीकडे जुळवून मगच हो म्हणा. पूर्वीचा भडक क्रोम पिवळा शिशाचा असायचा, आता घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे लहान मुलं असलेल्या घरात डब्यावर ते लिहिलेलं बघून घ्या आणि जुना पिवळा ऑईलपेंट घासून काढायची वेळ आली तर कोरडा घासू देऊ नका, ती धूळ वाईट.

राहिला डोळा. डोळा शेजाऱ्याकडे बघून रंग ठरवतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायचे चित्रांचे गालिचे विणत, तिथे तक्रार आली होती की काळं सूत नीट काळं दिसत नाही. शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाईचे प्रमुख होते, त्यांनी तपासलं तर सुताचा रंग चांगलाच होता, शेजारच्या रंगांमुळे तो फिका दिसत होता, आणि १८३९ साली त्यांनी या शेजारधर्माचे नियमच मांडले. तो नियम आपल्याला दोन जागी नडतो. जुन्या भिंतीवर नमुना मारला आणि भिंत पिस्ता असेल तर पिवळा आहे त्याहून लालसर दिसतो, भिंत जांभळट असेल तर जास्त पिवळा दिसतो. आणि दोन शेड एकमेकींना चिकटून मारल्या तर दोघी एकमेकींना ढकलतात, वरण हिरवट आणि मसाला दूध गुलाबी वाटायला लागतं, जे एकेकटीने पूर्ण खोलीत तितकं वाटणार नाही. म्हणून शेजारी ठेवून फरक ओळखायचा, पण पसंत करताना एकेक वेगळी बघायची, मध्ये पांढरं सोडून. शिवाय पिवळ्या खोलीत पाच मिनिटं बसलात की डोळा सरावतो आणि रंग फिका वाटायला लागतो, तेव्हा खरं मत ते दारातून आत येतानाचं पहिलं.

आमच्या घरात आणखी एक गोष्ट झाली जी मी कधी विसरणार नाही. सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डावा महिन्याभराने व्हायचा होता. त्या आधीपासून म्हणत होत्या की दोन्ही सारखेच आहेत, काय एवढं घोळवताय. एक दिवस दोन्ही नमुन्यांसमोर बसून त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि एकदम म्हणाल्या, "अगं, या डोळ्याने वेगळे दिसतायत!" वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि भिंतीच्या आधी तेच निळा उजेड अडवतं, त्यामुळे फिकट पिवळे एकमेकांपासून, अगदी पांढऱ्यापासूनसुद्धा ओळखणं अवघड होतं. ऑपरेशनमध्ये ते भिंग बदललं की निळं परत दिसायला लागतं. म्हणजे त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांना खरंच सारखे दिसत होते. घरात वडीलधाऱ्यांना फरक दिसत नसेल तर वाद घालू नका, आणि खोली त्यांचीच असेल तर त्यांना जो दिसतोय तो द्या.

नमुना मारायची पद्धत थोडक्यात सांगते कारण इथे घाई होते. नुसत्या लांबीवर, म्हणजे पुट्टीवर, मारू नका, कोरडी लांबी रंग शोषते आणि डाग डाग दिसतात, आधी प्रायमर, मग दोन हात, निदान दोन फूट बाय दोन फूट, एक खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि एक खिडकीच्याच भिंतीवर, जिथे उजेड कमीत कमी पडतो. याहून सोयीचं म्हणजे मोठ्या जाड पांढऱ्या कार्डशीटवर मारायचं, कडेला बोटभर पांढरं सोडून, म्हणजे ते सोफ्यामागे, पडद्याशेजारी, सागवानी शोकेसजवळ कुठेही नेता येतं. पाण्याचा रंग ओला असताना दुधाळ दिसतो आणि वाळला की एक छटा गडद होतो, त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत मत बनवायचं नाही. फिनिश तोच घ्या जो भिंतीला देणार, मॅट आणि चकचकीत यांच्यात तीच शेड वेगळी दिसते. मोबाईलचा फोटो काढून नवऱ्याला ऑफिसात पाठवला तर त्यावर विसंबू नका, फोन आपल्या मनाने पांढरं ठरवतो आणि पिवळं मारून टाकतो, फार तर दोन्ही शेड एकाच फोटोत असतील तर त्यांच्यात जास्त लालसर कोण एवढं कळेल.

आम्ही शेवटी हॉलला वरण दिलं. दुपारी ते थोडं लिंबाकडे जातं हे माहीत होतं, पण दुपारी हॉलमध्ये असतं कोण, संध्याकाळी सगळे जमतात आणि तेव्हा ते सोनेरी असतं, आणि खोक्यात जे नारिंगी दिसलं होतं ते चौदा फुटी भिंतींवर आम्हाला झेपलं नसतं. हॉलमधले ६५०० चे दिवे काढून ३००० चे लावले, वाचायच्या कोपऱ्यात एक ४००० चा ठेवला. मसाला दूध वाया गेलं नाही, आईंच्या खोलीत गेलं, ती पूर्वेची, बाहेर झाड नाही, सकाळचं दोन तास ऊन आणि मग दिवसभर नुसता आभाळाचा निळसर उजेड, तिथे त्या रंगाला हवा तो थंडावा मिळतो आणि तो अजिबात भडकत नाही. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यावर आईंनी खोली परत नव्याने बघितली आणि आवडली त्यांना.

जाता जाता दोन कामं मात्र विसरू नका. लागेल तेवढा रंग एकदमच बनवून घ्या, आणि दोन-तीन डबे असतील तर भिंतीला हात लावायच्या आधी सगळे एका बादलीत एकत्र करायला सांगा, कारण मशीनचाही डब्याडब्यात बारीक फरक पडतो आणि पिवळ्यात तो भिंतीच्या मधोमध दिसतो. डब्यावर चिकटवलेली फॉर्म्युल्याची स्लिप, ज्यावर बेस आणि थेंबांचे आकडे असतात, ती काढून तारखेसकट कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. दोन-तीन वर्षांनी कुठे खिळा काढला, कुठे सोफा घासला, तर तेवढाच ठिपका लावून भागणार नाही, तोवर भिंतीचा पिवळा थोडा उतरलेला असेल आणि नवा ठिपका उठून दिसेल, तेव्हा त्याच स्लिपवरून रंग आणून ती अख्खी भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रंगवा. कोपऱ्यात पिवळा तसाही गडद असतो, तिथे जोड कुणाला दिसत नाही.